दुसरी ओळ

सोमवार, ९ नोव्हेंबर २००९
निंबोळखेड, ता. संग्रामपूर

आज नव्या शाळेत रुजू झालो. देऊळगाव राजाहून सकाळची पहिली बस, मग चिखली, खामगाव, संग्रामपूर अशा तीन ठिकाणी लाल डबे बदलत दुपारी फाट्यावर उतरलो, तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की शिपाई शेषरावांनी आधी पाणी दिलं आणि मग नाव विचारलं. पाणी खारट. मी चेहरा सरळ ठेवला, तरी ते म्हणाले, "आठ दिवस लागते सर. मंग घरचं पानी फिकं लागते." आशीर्वाद समजून घेतला.

येण्याचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी विसरायला नको. आमच्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं घटत घटत सात उरली आणि सरकारी भाषेत मी 'अतिरिक्त' झालो. चोवीस वर्षं मुलांकडून शब्द चालवून घेतले, शेवटी एका शब्दाने मलाच चालतं केलं. समायोजन झालं ते इथे, जिथे संस्कृत हा विषयच नाही. मुख्याध्यापक उत्तमराव भले गृहस्थ. मला काय द्यावं हा प्रश्न त्यांना पडला होता. मी एका साप्ताहिकाचा वार्ताहर आहे आणि बातम्या स्वतः टाइप करतो, असं बोलता बोलता सांगून बसलो. झालं. त्यांनी मला संगणक कक्षाचा प्रमुख केलं. बाकीचे मास्तर म्हणे त्या डब्याला हात लावायला भितात.

शाळेमागची एक खोली राहायला मिळाली आहे. ओसरीतून सातपुडा निळा दिसतो, समोरच्या शेतात कापूस फुटला आहे, शेषरावांच्या घरून भाकरी येते. कोकिळेला फोन केला. सव्वीस वर्षांत आठवड्याहून जास्त आम्ही वेगळे राहिलेलो नाही. ती म्हणाली, घरात एकदम जागाच जागा झाली आहे. मी म्हटलं, कपाटाचा माझा खण व्यापून घेऊ नको. ती म्हणाली, घेतला.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज चार्ज घेतला. हा आमच्या खात्यातला सोळा संस्कारांनंतरचा सतरावा. कोणत्याही वस्तूचा चार्ज घ्यायचा म्हणजे यादीवर सही करायची, आणि जायचं असेल तर तीच यादी पुढच्याच्या सहीने सोडवून घ्यायची. चार्ज दिल्याशिवाय माणूस कार्यमुक्त होत नाही. मोक्षाचा मार्गही इतका कडक नसावा.

कक्ष म्हणजे पूर्वेकडची एक खोली. एक दार, गज असलेली एक खिडकी. आत संगणक एकच, जुन्या पद्धतीचा फुगीर पडद्याचा. दारात चपला काढायच्या, धूळ जाते म्हणून. मी काढायला वाकलो तर तिथे एक जोड आधीच होता, पुरुषाचा, टाचेला झिजलेला. आत कोणी नव्हतं. यादी वाचली तर अनुक्रमांक चौदा : 'चपला, पुरुष, जोड एक.' हसू आलं. शेषरावांना विचारलं, तर त्यांनी यादीकडे बोट दाखवलं, की लिहिलेली वस्तू हलवता येत नाही.

अनुक्रमांक एक : 'संगणक, दोन्ही प्रणालींसह, चालू स्थितीत.' मोठ्या लिपिक बेबीताई गवई शेजारी उभ्या होत्या. बाई कमी बोलतात आणि बोलतात ते नेमकं. म्हणाल्या, "पाहून घ्या सर, मंग सही करा." पण लाइन गेलेली होती. भारनियमन, दुपारी दोनपर्यंत. उत्तमराव म्हणाले की लाइन आल्यावर पाहता येईल, सही करून टाका, आजवर सगळ्यांनी अशीच केली आहे. मीही आजवर सगळीकडे अशीच केली आहे. कोण मोजतो खुर्च्या? देणाऱ्याच्या रकान्यात 'किसनराव, अनुपस्थित' असं होतं. एकतर्फी चार्ज. घेणाऱ्याच्या रकान्यात मी माझी लपेटदार सही केली.

बेबीताई म्हणाल्या, "झाली आता खोली तुमची." मी म्हटलं, भाग्य माझं. त्या हसल्या नाहीत.

शनिवार, १४ नोव्हेंबर

संगणक चालू नाही.

म्हणजे दिवा लागतो, आत पंखा फिरतो, मग काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ येते : एरर सतरा. आणि पुढे काही नाही. गुरुवारपासून हेच.

खामगावला रंगराव म्हणून संगणकाचे दुकानदार आहेत, त्यांनीच हे यंत्र बसवलं होतं. त्यांना फोन लावला. त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं : डब्यात दोन बिऱ्हाडं आहेत. एक कार्यालयाचं, खिडक्यांचं. दुसरं मुलांसाठी, सरकारी योजनेतून आलेलं, फुकटचं. दोघांचे कप्पे वेगळे. यंत्र सुरू झालं की आधी एक द्वारपाल उठतो आणि दोन ओळींची यादी दाखवतो : पहिली ओळ 'कार्यालय', दुसरी 'वर्ग'. दहा सेकंद मोजतो. निवडलं तर निवडलेल्या घरात सोडतो, नाही तर पहिल्या. एका वेळी घर एकच. आता द्वारपालालाच कप्पा सापडत नाही म्हणून तो सतरा-सतरा करत बसला आहे. लाइन अचानक जाते त्यामुळे असं होतं म्हणे.

संस्कृतात द्विवचन असतं, मराठीने ते टाकून दिलं. इतक्या वर्षांनी ते मला असं भेटलं.

ह्या शनिवारी घरी जाता आलं नाही. रंगराव दुरुस्तीची सीडी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवणार आहेत.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

सीडी आली. घातली. सतरा.

दुपारी बेबीताईंकडून किसनरावांची हकीकत काढली. गेल्या वर्षी ऑगस्टात भरदुपारी, चौथ्या तासाला, ते कक्षात गेले. चपला दारात. मुलं ओसरीत रांगेत उभी, एकेकाला आत बोलावणार होते. बोलावलं नाही. पाचव्या तासाला शेषरावांनी आत पाहिलं तर खोली रिकामी आणि यंत्र चालू. दारात चाळीस मुलं होती, त्यांतलं एकही म्हणत नाही की सर बाहेर आले. पोलिसांत तक्रार झाली. भाऊ म्हणतो सुरतेला पळाला. गाव आणखी बरंच म्हणतं.

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मले वाटून काय होते सर? दप्तरात तं ते अजून ड्युटीवरच हायेत."

तरी मी त्यांना चिडवलं, की तुमच्यासारख्या बुद्धिवादी बाईने असं काही सूचित करू नये. त्या म्हणाल्या, "म्या कुठं काय सूचित केलं? म्या तं सांगितलं होतं का पाहून सही करा."

शुक्रवार, २० नोव्हेंबर

शुभवार्ता! आमच्या शाळेत मुलांची संख्या सुधारली. आठवीच्या बावीस मुलांनी संस्कृत घेतलं, त्यांच्या आयांचं कल्याण होवो. माझा परतीचा आदेश निघाला आहे. तीस तारखेच्या आत मूळ शाळेत रुजू व्हायचं, नाही तर ती जागा दुसऱ्या अतिरिक्त माणसाला. कोकिळेला फोनवर वाचून दाखवला. ती दोन वेळा म्हणाली, पुन्हा वाचा.

उत्तमरावांना आनंद झाला, आणि लगेच त्यांनी यादी काढली. संगणक दोन्ही प्रणालींसह चालू स्थितीत परत करा, सर, आणि खुशाल जा. मी म्हटलं, तो मला बंदच मिळाला होता. ते फार मऊपणे म्हणाले, "असन हो. पन सही तं चालूवर हाये ना तुमची?"

दहा दिवस आहेत. पुरेत.

सोमवार, २३ नोव्हेंबर

रंगरावांशी फोनवर तीन तास. सीडीवरून यंत्र उठवायचं, मग द्वारपालाच्या कानात सांगायचं की मूळ अमुक कप्प्यात आहे, आणि मग त्याची पुन्हा स्थापना करायची. इंग्रजी आज्ञा आहेत पण स्वर मंत्राचाच. एक अक्षर चुकलं की फळ नाही. हे मला जमायला हवं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. लाइन गेली की पडदा काळा होतो आणि फुगीर काचेत खोली दिसते : खिडकी, गज, फळा, तारखांचा ठोकळा. आज सहज पाहिलं तर खुर्ची दिसली. रिकामी. मी तिच्यावर बसलेलो होतो.

मान हलवली. हात वर केला. काचेत खुर्ची रिकामीच. कोपऱ्यात मात्र दुसऱ्या खुर्चीवर, जी ह्या खोलीत नाही, कोणीतरी बसल्यासारखं.

पन्नाशीत डोळे तपासावेत असं कोकिळा दोन वर्षं म्हणते आहे. तपासून घेईन.

बुधवार, २५ नोव्हेंबर, सकाळी ११

जमलं! सतरा गेला! आज्ञा दिली, यंत्राने विचार केला, आणि 'यशस्वी' अशा अर्थाची ओळ आली. पुन्हा सुरू केलं तर काळ्या पडद्यावर दोन ओळी, एकीखाली एक : कार्यालय, वर्ग. कोपऱ्यात दहा, नऊ, आठ. पहिलीवर सोडून दिलं. कार्यालय उघडलं. बेबीताईंना हाक मारून दाखवलं. म्हणाल्या, पेढे आणा. उत्तमरावांना बोलवायला त्या गेल्या आहेत. तेवढ्यात दुसरी ओळ तपासून घेतो, म्हणजे दोन्ही प्रणाली चालू असं निर्विवाद लिहिता येईल. आज पाहूनच सही.

उद्या संध्याकाळी घरी.

२५, नंतर

अक्षराबद्दल क्षमा. वही खिशात होती म्हणून लिहू शकतो आहे. क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर काही उरणार नाही.

दुसरी ओळ निवडली. पडदा उजळला. बाहेरचा मुलांचा गलका बंद झाला, कोणी दार लावून घ्यावं तसा. दार उघडंच होतं. ओसरी, मैदान, झेंड्याचा खांब, सगळं होतं. माणूस नव्हता.

कोपऱ्यात खुर्ची होती. तिच्यावरून एक गृहस्थ उठले. खोचलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, पाय उघडे. फार दिवस न बोललेला माणूस बोलतो तसं त्यांनी विचारलं, यादीवर सही केली का? मी म्हटलं, केली. पाहून? मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "म्या बी नाही पाह्यली सर."

किसनरावच.

त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. ही खोली रिकामी राहत नाही. ज्याची शेवटची सही, त्याची खोली. बाहेर नवी सही पडली आणि सही करणारा दुसऱ्या ओळीतून आत आला, की जुन्याला जावंच लागतं. थांबतो म्हटलं तरी थांबता येत नाही. मी त्यांची बाही धरली होती. ते रडत होते. म्हणाले, "मले माफ करा सर, मले थांबताच येऊन नाही राह्यलं," आणि खुर्चीवर बसून, पडद्यावर पुन्हा आलेल्या दोन ओळींतली पहिली त्यांनी दाबली.

माझ्या मुठीत बाही होती. मग नुसती मूठ.

यंत्र बंद करून पुन्हा लावलं. आता यादीत ओळ एकच आहे. वर्ग.

२६

तारीख कळते, कारण पडदा काळा असला की काचेत तिकडची खोली दिसते, आणि शेषराव रोज ठोकळ्याचा कागद फाडतात. आवाज येत नाही.

काल किसनराव काचेत दिसले. उभे राहिले, माझ्याकडे वळून हात जोडले, दारात चपला घातल्या, गेले. त्यानंतर बेबीताई आणि उत्तमराव धावत आले. मी काचेवर दोन्ही हातांनी मारलं. बेबीताई पडद्यापासून वीतभर अंतरावर होत्या. त्यांनी पडद्यावरची धूळ पुसली.

इकडे घड्याळ अकरा चाळीसवर आहे. ऊन खिडकीच्या तिसऱ्या गजावर, तिथून हलत नाही. भूक नाही. तहानही नाही. खारट पाण्याची आठवण येते.

फाटकातून बाहेर पडलो, फाट्याच्या दिशेने चालत गेलो. दोन्ही बाजूंना कापूस. हजार पावलं. समोर शाळेची मागची भिंत. उलट गेलो. तीच भिंत. सातपुड्याच्या रोखाने, शेतातून. ओसरी.

मोबाइल चालू आहे. रेंज नाही.

२७

दिवसभर दुरुस्ती. सीडी यंत्रातच राहिली आहे, हे भाग्य. सगळ्या आज्ञा पाठ आहेत. मूळ शोध. कप्पे दाखव. पहिला कप्पा : असा कप्पा अस्तित्वात नाही. दुसरा कप्पा : आहे.

पुन्हा. पुन्हा. एकशे चौदा वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं.

हाताने नवी ओळ लिहून पाहिली. 'कार्यालय'. यादीत आली. निवडली. एरर सतरा. दार रंगवलं म्हणून भिंत उघडत नाही.

एक मात्र कळलं. ओळी लिहिताही येतात, पुसताही येतात. ओळीवर जाऊन डी दाबली की ओळ जाते. इथली एकुलती ओळ पुसावी असं मनात आलं. मग काय झालं असतं कोण जाणे. बोट मागे घेतलं.

३०

आजची तारीख होती. रुजू व्हायची.

काचेत पोलीस. उत्तमराव हातवारे करून सांगताहेत. माझ्या चपला दारात दिसतात. बेबीताईंनी त्यांना हात लावू दिला नाही, बहुतेक भांडल्याही. नंतर त्या एकट्याच खोलीत उभ्या राहिल्या. ओठांवरून एवढंच वाचता आलं— सर.

मी हो म्हटलं. मोठ्याने. इकडे माझाच आवाज ओसरीतून फिरून परत आला.

३ डिसेंबर

झोप येत नाही, तिची गरजही नाही. ऊन तिसऱ्या गजावर.

मोठ्याने शब्द चालवतो. सगळे. विभक्तीमागून विभक्ती. द्विवचन आलं की गाळून पुढे जातो.

चार-पाच तारीख

नवीन मास्तर येईल कधीतरी. न पाहता सही करेल. सगळेच करतात. मग तो आत येईल आणि मी—

त्याची वाट पाहतो आहे. काचेला डोळे लावून एका निरपराध माणसाची वाट पाहतो आहे. किसनरावांनी सव्वा वर्ष हेच केलं. मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं.

चांगला माणूस असू नये तो. एवढीच—

७ डिसेंबर

कोकिळा.

काचेत कोकिळा आहे. निळं लुगडं, खांद्याला पिशवी. कक्षाच्या दारात वाकून तिने माझ्या चपलांना हात लावला. मग स्वतःच्या काढून शेजारी ठेवल्या.

उत्तमराव यादी घेऊन आले आहेत. कळलं मला. माझी बॅग, चपला, खोलीतलं अंथरूण, हे सगळं तिला नेता यावं म्हणून चार्ज कुटुंबाने सोडवून घ्यायचा. घेणाऱ्याच्या रकान्यात सही. पूर्ण यादीवर. अनुक्रमांक एकपासून.

बेबीताई यादीवर तळहात ठेवून आडव्या आल्या आहेत. नको म्हणताहेत. बाई, धरा, सोडू नका. उत्तमराव मऊपणे काहीतरी बोलतात. मला माहीत आहे तो मऊपणा.

कोकिळा लग्नपत्रिकासुद्धा चुका काढत वाचते. वाच. वाच ग. आज पदराने डोळे पुसते आहे आणि—

केली. न पाहता केली.

तेच, पुढे

उत्तमराव गेले. बेबीताई तिला खुर्ची देताहेत. यंत्राकडे बोट दाखवतात, टाइप केल्यासारखी बोटं हलवतात. सांगत असणार, की सर ह्याच्यावर काहीबाही लिहायचे, काही सापडलं तर पाहा. चांगल्या मनाने सांगताहेत. पाणी आणायला गेल्या.

ती एकटी.

तिने बटण दाबलं.

माझा पडदा उजळला. माझाही! दोन ओळी. कार्यालय. वर्ग. किती दिवसांनी दोन. उजळलेल्या काचेतही ती दिसते, अक्षरांच्या मागे, पुसट. दहा. नऊ. आपोआप पहिली उघडेल, तिला काही होणार नाही. गप्प बसलो तर ती कार्यालय पाहील, उठेल, बॅग घेऊन घरी जाईल.

गप्प बसायचं होतं.

बसलो नाही. सहावर कळ दाबली. मोजणी थांबली. तिच्याकडेही थांबली, ती दचकली. मी आज्ञेच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, कोकिळा.

तिने वाचलं. तोंडावर हात ठेवला.

घरी जा. मी बरा आहे. घरी जा. तीनदा टाइप केलं.

काय केलं मी हे. ती कधी माझं ऐकून घरी गेली आहे?

ती रडत नाही आता. तिने चष्मा पुसून लावला. यादी वाचते आहे, दोन्ही ओळी, नीट, अक्षर न् अक्षर, तिच्या पद्धतीने. कार्यालयात मी नाही हे तिने बरोबर काढलं. बाणाची कळ शोधते आहे. तिच्या कळीने माझ्याकडचा पट्टा हलतो. खाली आला. दुसऱ्या ओळीवर.

पळून जायचं तर आताच. पट्टा वर न्यायचा, पहिली ओळ, एंटर. मी घरी. सही तिची, खोली तिची. ती इकडे, तिसऱ्या गजावरच्या उन्हात, एकटी. आणि ती आपण होऊन आली तरी तेच. दारात क्षणभर भेट, आणि मला थांबता येणार नाही. तिच्या मुठीत माझी बाही—

नाही.

डी दाबली की दुसरी ओळ जाते. यादी पुन्हा लिहिली की कायमची जाते. मग ह्या खोलीकडे कोणीच येत नाही. ती नाही, तो नवा मास्तर नाही. इथून जातही नाही कोणी. दुरुस्ती शिकलो म्हणून मोडता येतं. रंगराव, उपकार आहेत.

कोकिळे, कपाटाचा माझा खण तू—

ती हसते आहे. पडद्याकडे पाहून, मी बस चुकवून उशिरा आल्यावर हसायची तशी. ओठ हलताहेत. आले, म्हणते आहे. बोट एंटरकडे—

माझं डीवर आहे. सव्वीस वर्षांत कुठल्याच कामाला मी तिच्या आधी उठलेलो नाही. आज तरी, देवा, आज एकदा तरी मी तिच्या आध